दंडात चार, कागदावर तीन

एकाहत्तराव्या वर्षी बहिणीनं लग्न ठरवलं याचं ओत्ताव्हियो फुरलानला काही वाटलं नाही. वाटलं ते तारखेचं. शनिवार, सव्वीस फेब्रुवारी. त्यानंतरच्या बुधवारी ईस्टरआधीचे उपास लागत होते. त्या दिवसांत गावचे पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत, आणि ईस्टरपर्यंत थांबावं तर नवरदेव चौऱ्याहत्तर वर्षांचा.

"पिकलं पान आहे," इनेस फोनवर म्हणाली. ती इटलीत, फ्रिउलीतल्या त्यांच्या जुन्या गावी राहायची. "उगाच वारा कशाला लागू द्यायचा? आणि हे बघ, चर्चमध्ये मला तुझा हात धरून जायचंय. मागच्या वेळी तू नव्हतास."

मागची वेळ म्हणजे तिच्या पहिल्या लग्नाची, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची. वडील त्याच वर्षी गेले होते. ओत्ताव्हियो नुकताच कॅनडात, विंडसरला येऊन एका बँकेची फरशी घालत होता, मालकानं रजा दिली नाही, आणि त्यानं लग्नाला तार पाठवली. काका हात द्यायला तयार होते, पण इनेसनं नको म्हटलं आणि ती दारापासून वेदीपर्यंत एकटी चालत गेली. हे तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आईनं मात्र मरेपर्यंत दर नाताळात दाखवलं.

"येतो म्हणजे येतो," ओत्ताव्हियो म्हणाला. "मला काय अडचण? तीन डोस झालेत माझे."

"दोन," स्वयंपाकघरातून नॉर्मा म्हणाली.

नॉर्मा त्याची बायको. तिचं हे असं असतं. फोन त्याच्या कानाला आणि उत्तर तिच्या तोंडात.

आता त्या तिसऱ्या डोसबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं. नोव्हेंबरात, कोविडपायी बंद असलेली सीमा वीस महिन्यांनी उघडली आणि अख्खं विंडसर नदीपलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटला स्वस्त चीज आणायला धावलं. ओत्ताव्हियोही धावला. तिथं वाणसामानाच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला औषधांचं काउंटर होतं आणि वर पाटी होती: आजच बूस्टर घ्या, नाताळचं हॅम फुकट मिळवा. कॅनडात तेव्हा बूस्टरसाठी थांबा म्हणत होते. इथं रांगसुद्धा नव्हती. आपल्याला परदेशी म्हणून हाकलतील या भीतीनं त्यानं फॉर्मवर चुलतभाऊ रीनोचा, डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नचा पत्ता ठोकून दिला. तुम्ही कुठले, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हतं. हे त्यानं आपण होऊन केलं, आणि ते करताना नॉर्मा वाटाण्याच्या डब्यांकडे तोंड करून, आपण या माणसाबरोबर नाही अशी उभी होती. तिनं पुढं विंडसरला महिनाभर थांबून, रांगेत उभं राहून सरळ मार्गानं आपला डोस घेतला. त्याबद्दल ती एक शब्द बोलत नसे. फक्त मधूनच फोन उघडून आपलं हिरवं सर्टिफिकेट बघायची.

हॅम मात्र झकास होतं, तेही सांगायला हवं.

फ्रिउलीकरांच्या क्लबात लोरेदाना नावाची बाई विमानाची तिकिटं काढून द्यायची. तिनं ओत्ताव्हियोचे कागद टेबलावर मांडले. एकीकडे कॅनडाचं सर्टिफिकेट, दोन डोसांचं. दुसरीकडे डेट्रॉइटचं पांढरं कार्ड, हातानं लिहिलेलं, एका डोसाचं.

"हे बघ काका," ती म्हणाली, "तिकडं दुसरा डोस नऊ महिन्यांनी शिळा धरतात. तुझा चौदा फेब्रुवारीला शिळा होतो. म्हणजे तुझं लग्न बारा दिवसांनी हुकतं."

"माझं नाही, बहिणीचं. आणि हा तिसरा आहे की!"

"हा तिसरा कुठं? यावर तर एकच आहे. कॅनडातल्या ओत्ताव्हियोला दोन, डिअरबॉर्नच्या ओत्ताव्हियोला एक. यातल्या कुणाला विमानात बसवू? सगळे एका कागदावर आण."

घरी आल्या आल्या नॉर्मानं निकाल दिला. "इथं जाऊन अजून एक टोचून घे, सुटलास."

शहाणपण होतं. पण ते नॉर्माचं होतं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. बत्तीस वर्षं फरशी घातलेल्या माणसाला तीच फरशी उखडून परत घाल म्हटल्यासारखं ओत्ताव्हियोला वाटलं. "झालेलं काम परत करायचं? का? मी काय खोटं बोलतोय?"

"बोललास ना. डिअरबॉर्न."

तो बाहेर बर्फ ओढायला गेला.

बाहेर शेजारी वेंडेल प्रॅट बर्फच ओढत होता. बर्फ ओढणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला फार वेळ असतो. वेंडेलचा पहिला सल्ला, आइसलँडमार्गे जा, तिथं कुणी बघत नाही. दुसरा त्याच्या मेव्हण्याचा होता: मुद्दाम कोविड करून घे, बरं झाल्याचा दाखला सहा महिने चालतो. तिसरा सल्ला वरवर पाहता सगळ्यात निरुपद्रवी होता. वेंडेल म्हणाला, "एवढं मोलाचं कार्ड उघडं काय घेऊन फिरतोस? भिजलं तर? आण इकडं, लॅमिनेट करून देतो."

वेंडेलनं लॉकडाउनमध्ये लॅमिनेशनचं मशीन घेतलं होतं. कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक, बायकोची लझान्याची कृती, डेझी कुत्रीचं रेबीजचं सर्टिफिकेट, घरात जे म्हणून चपटं होतं ते सगळं त्यानं प्लॅस्टिकमध्ये घातलं होतं. "डेझीला बघ," तो म्हणाला, "कुत्री असून सगळ्या देशांत चालते."

कार्ड मशीनमध्ये गेलं. बाहेर आलं ते गरम, चकचकीत आणि मधोमध काळं. डोसाच्या बॅचचा नंबर ज्या चिकटपट्टीवर छापला होता, ती पट्टी उष्णतेनं काळी पडणाऱ्या कागदाची होती. दुकानाच्या पावत्या असतात तसल्या. आता तिथं नुसता डांबराचा तुकडा दिसत होता.

वेंडेलनं कडेवरून बोट फिरवलं. मग तो म्हणाला, "कडा मात्र सुरेख बसल्यात."

सोमवारी ओत्ताव्हियोनं आरोग्य खात्याला फोन लावला. परदेशात घेतलेला डोस ते इथल्या नोंदीत चढवून देतात, असं लोरेदाना म्हणाली होती. सत्तेचाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर जेराल्डीन नावाची बाई आली. गोड बोलणारी होती. अशा बायकांशी भांडताही येत नाही.

"बॅच नंबर सांगता का, मिस्टर फुरलान?"

"काळा."

"रंग नको, नंबर हवा."

"नंबरच काळा झालाय हो. शेजाऱ्यानं केला."

जेराल्डीननं शेजाऱ्याची चौकशी केली नाही. दुकानातून नवी प्रत आणा, म्हणाली. दुकानाला फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "लगेच पाठवते, सर. पत्ता आहे आमच्याकडे. डिअरबॉर्नचा ना?" आता डिअरबॉर्नच्या त्या घरात एप्रिलपर्यंत चिटपाखरू नव्हतं. रीनो थंडीभर फ्लोरिडात असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "माझ्या घरात तू कधीपासून राहतोस रे? निदान पाइपं तरी गोठली का बघून ये." शेवटी स्वतः जाऊनच प्रत आणायची ठरली. पूल ओलांडायचा, कागद घ्यायचा, परत यायचं. तासाभराचं काम.

त्याच आठवड्यात ट्रकवाल्यांनी पूल अडवला. लस घेतली नसेल तर सीमेपलीकडे जाता येणार नाही या नियमाविरुद्ध ते रस्त्यात ट्रक आडवे लावून बसले होते. झेंडे, भोंगे, शेकोट्या. ओत्ताव्हियो गाडीतून उतरला आणि जरा वाट द्या म्हणून विनवू लागला. एका दाढीवाल्यानं त्याच्या हातात गरम सूपचा कप ठेवला. "काका, या. तुम्हालाही टोचून घ्यायचं नाही ना?"

"मी तीनदा टोचून घेतलंय बाबा. कुणी मानत नाही, हे माझं दुःख आहे."

दाढीवाल्याला हे नीट कळलं नाही, पण त्यानं सूप परत घेतलं नाही. ओत्ताव्हियोनं ते तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं. बार्ली होती त्यात.

मग नदीखालच्या बोगद्यातून जायचं ठरलं. अख्ख्या विंडसरचं तेच ठरलं होतं, त्यामुळे तीन तास लागले. दुकानात मात्र अकरा मिनिटांत काम झालं. नवी छापील प्रत हातात ठेवत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "परत जायला चाचणी केलीत ना तुम्ही? कॅनडात शिरायला लागते. आणि ती इकडचीच लागते."

नॉर्मानं सकाळीच सांगितलं होतं. तो तेव्हा मोजे शोधत होता.

नाकात काडी घालून झाली. निकाल उद्या. हायवेच्या कडेला एका मोटेलात, अंगावरच्या कपड्यांनिशी, ओत्ताव्हियो पलंगाच्या काठावर बसला आणि त्यानं घरी फोन केला. "अगं, मी अमेरिकेतच अडकलोय. रात्रीचा मुक्काम इथंच."

नॉर्मा म्हणाली, "चला, एकदाचा पत्ता खरा झाला."

पुढच्या सोमवारी, म्हणजे चौदा तारखेला, त्यानं प्रत आरोग्य खात्याकडे पाठवली. त्याच दिवशी त्याचा दुसरा डोस शिळा होत होता. दुपारी जेराल्डीनचा फोन.

"मिस्टर फुरलान, प्रत छान आहे. पण यावरचे ओत्ताव्हियो फुरलान डिअरबॉर्नचे, म्हणजे मिशिगन राज्यातले रहिवासी दिसतात. त्यांची नोंद आम्ही कशी चढवणार? तो त्यांच्या राज्याचा प्रश्न आहे."

"तो मीच आहे हो!"

"मला पटतंय. पण कागदाला पटायला हवं."

म्हणजे आता लेखी द्यायचं, की आपण पत्ता खोटा दिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. क्लबाचा दोनदा खजिनदार. ज्यानं कधी एका फरशीला दोन फरशांचे पैसे लावले नाहीत, तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कबुलीजबाब लिहायला लागला. पहिल्या खर्ड्यात त्यानं सगळं मन मोकळं केलं: नाताळ, हॅम, रांग, परदेशी असण्याची भीती. तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा जेराल्डीन हळूच म्हणाली, "हॅमचा उल्लेख आवश्यक नाही." दुसऱ्या खर्ड्यात नुसतं खोटं उरलं, कारण उरलं नाही, आणि ते वाचताना ओत्ताव्हियोला फारच लाज वाटली. "दहा कामकाजाचे दिवस," ती म्हणाली. "मधे फॅमिली डेची सुट्टी आहे. एक मार्चपर्यंत होऊन जाईल बघा."

विमान चोवीस फेब्रुवारीचं होतं.

तरी त्यानं रोज फोन केला. म्हटलं, नशिबानं लवकर होईल. नॉर्मा रोज त्याच्यासमोर कॉफी ठेवायची आणि काही म्हणायची नाही. न बोलणारी बायको म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. तेवीस तारखेला प्रवासाआधीची नाकातली चाचणी झाली, ती बरी निघाली. संध्याकाळी जेराल्डीन म्हणाली, "तुमची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब रजेवर आहेत."

ओत्ताव्हियोनं गावी फोन लावला. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती, तरी इनेस जागी होती. लग्नघर होतं.

"इनेस, काय सांगू तुला... कागदाचा घोळ झालाय. बहुतेक मला जमत नाही."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज थांबला.

"बरं," इनेस म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग तार पाठव."

त्यानं फोन ठेवला. नॉर्मा दारात उभी होती. तिनं त्याचा कोट खुंटीवरून काढून खुर्चीवर ठेवला. सकाळी आठला लसीचं क्लिनिक उघडतं तेव्हा तो दारात पहिला होता.

नर्सचं नाव रोझालिंदा बाउटिस्टा. तिनं संगणकावर पाहिलं आणि विचारलं, "तिसरा ना?"

हो म्हटलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. संगणकाला दोनच माहीत होते. तो गाडीतून उतरताना नॉर्मानं तेच बजावलं होतं, एका शब्दात उत्तर दे. पण हा माणूस आता खोटं बोलून इतका दमला होता की त्याच्यात आणखी एकाचीही ताकद नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. नोव्हेंबर, डेट्रॉइट, रीनो, वेंडेलचं मशीन, पूल, सूप, मोटेल, कबुलीजबाब, बहीण. मागं रांग वाढत गेली. रांगेतली एक म्हातारी तर पुढं सरकून कान देऊन ऐकू लागली.

रोझालिंदा आत गेली, डॉक्टरांना विचारून आली. "तीन महिने उलटलेत, घ्यायला हरकत नाही. थोडा ताप येईल. दंडात चौथा, कागदावर तिसरा. मिशिगन आमच्या संगणकाला माहीत नाही, आणि आता मीही त्याला सांगत बसत नाही. बाही वर करा."

"आधीच यायला हवं होतं," मागची म्हातारी म्हणाली.

"माझी बायको तीन आठवडे तेच सांगतेय," ओत्ताव्हियो म्हणाला. हे त्यानं मोठ्यानं कबूल केल्याचं नॉर्मानं ऐकलं नाही. ती गाडीत होती. म्हणून इथं सांगितलं.

फोनमध्ये हिरवं सर्टिफिकेट आलं. तीन डोस, एक पत्ता, एक ओत्ताव्हियो. संध्याकाळी विमान उडालं आणि अटलांटिकवर त्याला हुडहुडी भरली. दंड सुजला, दात वाजायला लागले. नॉर्मानं स्वतःची शाल, कोट आणि शेजारच्या झोपलेल्या माणसाचं ब्लँकेट त्याच्यावर घातलं. पहाटे विमान बदलायला उतरले तर पुढं एक अधिकारी प्रत्येकाच्या कपाळाला तापमापकाची बंदूक लावत उभा होता.

"मेलो," ओत्ताव्हियो म्हणाला. "ज्याच्यामुळे आत जायचं, त्याच्यामुळेच परत पाठवणार हे."

"गप्प," नॉर्मा म्हणाली. तिनं पेयांच्या यंत्रातून संत्र्याच्या रसाचा बर्फासारखा डबा घेतला आणि रांग सरकेपर्यंत त्याच्या कपाळाला दाबून धरला. पाणी त्याच्या भुवयांवरून नाकावर ओघळत होतं. त्यांची पाळी आली तशी तिनं रुमालानं त्याचं कपाळ पुसलं. अधिकाऱ्यानं बंदूक लावली, आकडा पाहिला, परत लावली.

"सर, तुम्ही बरे आहात ना? फारच थंड आहात."

"ते पहिल्यापासून तसेच आहेत," नॉर्मा म्हणाली.

मग फोनवरचं सर्टिफिकेट. टिंग झालं, हिरवा दिवा लागला. एवढंच. अधिकाऱ्यानं वर मानसुद्धा केली नाही. ओत्ताव्हियोला फार वाटलं, याला निदान पुलाचं तरी सांगावं. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात नॉर्मानं त्याला चिमटा काढला, तोही सुजलेल्या दंडाला.

शनिवारी सकाळी ताप उतरला होता, पण पायात जीव नव्हता. चर्चच्या दारात इनेस निळ्या कोटात उभी होती, केस बांधलेले, हातात पांढऱ्या फुलांचा लहानसा गुच्छ. ओत्ताव्हियोनं विमानात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, माफीचं. बरंच लांब होतं. तिला बघितल्यावर त्यातला एक शब्द आठवला नाही. तो नुसता डाव्या हाताचं कोपर पुढं करून उभा राहिला, कारण उजवा वर होत नव्हता.

बाजा वाजू लागला. दहा पावलं गेली आणि त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. इनेसनं कोपरातला हात काढला आणि त्याच्या कमरेभोवती घातला. आता कोण कुणाला नेतंय हे बाकांवरच्या कुणालाही कळत नव्हतं. तो खाली बघून चालत होता. जुनी फरशी, चांगल्या हातानं घातलेली, मधेच दोन तुकडे उचललेले. त्याला दर चार पावलांनी थांबावं लागत होतं. वेदीपाशी दुइलियो, नवरदेव, टाचा उंचावून बघत होता आणि पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून काखेत धरलं होतं.

"तुला उशीर होतोय," तो पुटपुटला. "तू हो पुढं. मी येतो मागून."

"वेडा आहेस का? चल हळूहळू."

शेवटी पोचले. दुइलियोनं हात पुढं केला, पण इनेसनं लगेच तो धरला नाही. ती भावाकडे वळली आणि तिनं मागं दाराकडे पाहिलं.

"मागच्या वेळी फार लांब वाटलं होतं रे हे," ती म्हणाली. "संपतच नव्हतं. आज बघ, केवढंसं."